रेषपुशाचं घर

चुना विझवताना घाई चालत नाही. कळीचा खडा पाण्यात टाकला की आधी गप्प बसतो, मग फुसफुसतो, आणि मग पिंप असं खदखदायला लागतं की वाकून बघणाऱ्याच्या भुवया जाव्यात. पुढे चार दिवस त्याला झाकायचं, ढवळायचं, फडक्यातून गाळायचं, तेव्हा कुठे तो थंड होतो आणि मैदानावर पडायच्या लायकीचा होतो. चुनेवालीला हे कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी बापाचं कंबरडं मोडलं, त्या हंगामात तिनं चोचीचा डबा हातात घेतला, आणि हातांची सालं जाता जाता तिला सगळं समजत गेलं.

यंदा फुटबॉलच्या लीगला चाळीस वर्षं झाली. आठ गावं, आठ संघ, पिकं निघाल्यापासून पाऊस सुरू होईपर्यंत अठ्ठावीस सामने आणि शेवटी ढालीचा सामना. दर सामन्याच्या सकाळी तळ्याकाठच्या मैदानावर गाठींची दोरी ताणून रेषा आखायच्या, हे तिच्या घरचं काम. काम कसलं, शिक्षाच ती. चाळीस वर्षं झाली तरी भोगून संपली नव्हती.

झालं होतं ते असं. पहिल्या वर्षीचा ढालीचा सामना, तिचा बाप गोलात. शेवटची पाच मिनिटं राहिलेली, गोल कुणाचाच नाही. गोलासमोर दहा-बारा जणांचा ढीग झाला, ढिगाच्या तळाशी बाप आणि बापाच्या पोटाखाली चेंडू. चेंडू रेषेच्या अलीकडे की पलीकडे, एवढाच प्रश्न होता. पंचांनी माणसं बाजूला केली आणि खाली बघतात तर रेषच नाही. हातभर रेष कुणीतरी पायानं घासून मातीत मिळवलेली. तेवढ्यात समोरच्या संघाचा पुढे खेळणारा गडी, बावीस वर्षांचा, बोट दाखवून ओरडला, "यानंच पुसली! गोल झाला म्हणून पुसली!"

पंचांनी गोल दिला आणि ढाल त्या गावाला गेली. संध्याकाळी आठ गावांची बैठक बसली आणि ठरलं, ज्यानं पुसली त्यानंच आखावी. त्याच्यानं होईल तोवर त्यानं, मग त्याच्या घरानं. नाही आखली तर त्याच्या गावाचा संघ लीगमध्ये नाही.

बाप पुढच्या हंगामात मुकाट्यानं डबा घेऊन मैदानावर गेला. 'रेषपुशा' हे नाव पडलं ते चिकटलंच. ती तेव्हा पाच वर्षांची. शाळेत पोरं विचारायची, "तुझी पाटी कोण पुसतं गं, बाबा का?" लग्न ठरताना नवऱ्याच्या काकांनी, "मुलगी काही पुसत-बिसत नाही ना?" असं विचारून स्वतःच पोट धरून हसून घेतलं. त्या घरात न हसलेला एकटा नवरा होता. पंप दुरुस्त करणारा, तळहात कायम काळे. विनोद समजला नाही म्हणून हसला नाही की समजला म्हणून, हे तिनं अजून त्याला विचारलेलं नाही. पण होकार दिला तो त्या न हसण्याला.

आणि तो बावीस वर्षांचा गडी वीटभट्टीचा मालक झाला, मग लीगचा अध्यक्ष झाला आणि बघता बघता बासष्ट वर्षांचा झाला. दर हंगामाच्या पहिल्या सामन्याला तो बुटाच्या टोकानं तिच्या रेषेकडे दाखवून म्हणायचा, "काय, आज राहतील ना जागेवर?" लोक हसायचे. ती चौदा वर्षं एक अक्षर बोलली नव्हती. मनातल्या मनात मात्र तिनं त्याला त्या पिंपात इतक्या वेळा बुडवलं होतं की पिंपालाही त्याचं माप पाठ झालं असावं.

लीगचा इतिहास लिहायचं काम मास्तरांकडे आलं. निवृत्त माणूस, अक्षर सुंदर, आणि कुणालाही नाही म्हणायची सवय नाही. एका दुपारी ते पिशवी घेऊन अंगणात आले. ती पिंप ढवळत होती.

"बाई, दोरीला गाठी किती ते सांगा. पुस्तकात घालायचंय."

"सांगते. आधी काय लिहिलंय ते वाचा की थोडं."

मास्तरांना तेवढंच हवं होतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिली पाच वर्षं सगळे अनवाणी खेळले. सहाव्या वर्षी एका गावानं बूट आणले, पण अकरा गड्यांत सातच जोड, म्हणून बूटवाले पुढे आणि अनवाणी मागे. अकराव्या वर्षी चेंडू तळ्यात गेला आणि वारा फिरून तो काठाला लागेपर्यंत सामना पाऊण तास थांबला. सतराव्या वर्षी दोन गावांचं पाण्यावरून बिनसलं, तेव्हा तीन वर्षं त्यांचा आपसातला सामनाच झाला नाही. दोघांना एकेक गुण द्यायचे आणि तोंडं बघायची नाहीत. ऐकता ऐकता तिलाही हसू येत होतं. मास्तरांनी लिहिलं होतं छान.

"आता पहिलं वर्ष वाचा."

मास्तरांनी चष्मा पुसला. मग नको तितका वेळ पुसत राहिले.

"वाचा हो. ऐकलेलंच आहे मी."

"'गोलरक्षकाने पायाने रेषा पुसून झालेला गोल लपवण्याचा प्रयत्न केला, परंतु पंचांच्या दक्षतेमुळे तो फसला.'"

काठी पिंपात तशीच थांबली. "हे असंच छापणार?"

"अध्यक्षांनी वाचून सही केलीय, बाई. माझ्या हातात काय आहे? आठ गावांत घरोघर एक प्रत जाणार."

आजवर ती एका आशेवर गप्प होती. बोलणं माणसांबरोबर जातं. म्हातारे संपले की रेषपुशा कोण, हे कुणाला आठवणार नाही. पण छापलेलं कुठे जाणार? ते घरोघरच्या फळीवर बसून राहणार. बाप सत्तर वर्षांचा, डोळे चांगले, वाचायची हौस दांडगी. तोही वाचणार.

"दुसरं कुणी काहीच लिहिलेलं नाही?"

"कंपाउंडरांची वही आहे ना." मास्तरांना विषय बदलल्याचं बरं वाटलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरांनीच लीग सुरू केली होती. अध्यक्षांचे ते सख्खे मामा. तिसऱ्याच वर्षी वारले. "गंमत ऐका. त्या दिवशीचं लिहितात, 'सकाळी चुना विझवला. घाई झाली. रेषा गरम. दोन्ही गोलकीपरांना ताकीद दिली, रेषेवर पाय देऊ नये, भाजेल. बाकीच्यांना सांगितले नाही, उगाच घाबरतील.' अहो, चुना विझवायला चार दिवस लागतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं!"

ती हसली नाही. "पुढे?"

"पुढे निकाल. आणि शेवटी, 'सामन्यानंतर मलमपट्टी, एक इसम, उजवे पाऊल.'"

"कोण इसम?"

"नाव नाही." मास्तर स्वतःच थांबले. "नवल आहे. एरवी ठेच लागली तरी नाव-गाव लिहायचे ते."

चुनेवालीनं काठी बाहेर काढली, पिंपाच्या कडेवर झटकली. अध्यक्षांचे पाय तिच्या डोळ्यांसमोर आले. म्हणजे पाय नाहीत, मोजे. भर उन्हात मोजे, बैठकीत सगळे चपला काढून सतरंजीवर बसले तरी यांचे मोजे पायात. तळ्याचा बांध फुटला तेव्हा सगळं गाव गुडघाभर चिखलात आणि हे काठावर उभे राहून हात हलवत होते. 'सांधे धरतात हो,' म्हणायचे.

"गाठी अठरा आहेत," ती म्हणाली. "लिहून घ्या."

संध्याकाळी तिनं बापाचे पाय धुतले. रोजच धुवायची. कोमट पाणी, घमेलं, जुनं फडकं. आज मात्र दिवा खाली आणून ठेवला आणि एकेक तळवा उलटून बघितला. भेगा होत्या, घट्टे होते, चुन्यानं कातडी वाळल्या सालीसारखी झालेली. भाजल्याचा डाग एकही नाही.

"काय शोधतेस?" बाप म्हणाला. "विहीर लागायची नाही तिथे."

"बाबा, कंपाउंडरांनी तुम्हाला रेषेवर पाय देऊ नको म्हणून सांगितलं होतं?"

"दटावून सांगितलं होतं. एक पाऊल पुढे उभा राहा म्हणाले. मी रेषेला पाय कशाला लावीन?"

"मग हे बैठकीत का नाही बोललात?"

"बोललो की. कंपाउंडर वर बघेनात. सतरंजीची दशी ओढत बसले होते. ज्यांनी सांगितलं तेच वर बघत नाहीत म्हटल्यावर मी कुणाकडे बघून बोलायचं?" त्यानं पाय मागे घेतला. "हळू पूस गं. माझा पाय आहे तो, मैदान नाही. सोड आता ते."

तिनं फडकं पिळलं. इतकं पिळलं की ते फाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा खडा फोडला, वाटीभर पाण्यात विझवला न विझवला असा केला आणि अंगणातल्या ओल्या मातीवर त्याची हातभर रेष ओढली. मग उजवं पाऊल अनवाणी करून, कुणाला घाईनं पुसायची असेल तशी ती रेष पुसली. पाय तिरका होतो. अंगठ्याच्या मुळापासून टाचेपर्यंत आतली कड घासते. पाय न धुता ती कामाला लागली. भांडी घासली, जळण आत आणलं. दहा मिनिटं काहीच नाही. मग खाज, मग चुरचुर. मग असं वाटलं की पावलाच्या आत कुणीतरी पंपाचं इंजिन चालू केलंय.

नवरा आला तेव्हा ती घडवंचीवर बसून पावलावर पाण्याची धार सोडत होती. कातडी पांढरी पडून सुटली होती.

"वेड लागलं का तुला? चौदा वर्षं हात घालतेस चुन्यात, आज पाय घातलास?"

"किती वेळानं कळतं ते बघायचं होतं."

"मग? कळलं?"

"पंचवीस मिनिटांनी. तोवर त्या अध्यक्षाचं ढाल घेऊन, खांद्यावर नाचून झालं असणार."

नवऱ्यानं तिचा पाय मांडीवर घेतला, मलम लावलं. "ढालीच्या सामन्याला मैदानावर कच्चा चुना टाकायचा विचार नाही ना तुझा? त्याच्या पायाखाली?"

"आला होता."

"मग?"

"पाय भाजला की लोक त्याला उचलून दवाखान्यात नेतील, फळं घेऊन बघायला जातील. तेवढं सुख मी त्याला देणार नाही."

आठवड्यानं शाळेच्या ओसरीत बैठक बसली. ढालीच्या सामन्याआधी काय कार्यक्रम करायचा, हा विषय. चुनेवाली नेहमीसारखी खांबाला टेकून, पायाला फडकं गुंडाळलेलं. बाकीच्यांच्या चपला खाली, अध्यक्ष मोज्यांत.

"मी म्हणतो," अध्यक्ष म्हणाले, "पहिल्या वर्षीचा तो गोल परत करून दाखवू. मी मारतो. आणि गोलात," ते तिच्याकडे वळले, "तुझ्या बाबांना आण. खुर्चीवर बसवू. आता काही पुसायला वाकता येत नसेल त्यांना!"

ओसरी हसली. मास्तर पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

तिच्या कानशिलात रक्त चढलं, पण आवाज तिनं चुन्यासारखा चार दिवस विझवलेला काढला. "आणते की. बाबांना आवडेल. पण एक आहे अध्यक्षसाहेब, तेव्हा सगळे अनवाणी होते. बूट घालून मारलेला गोल तो गोल कसा व्हायचा?"

"बरोबर आहे!" समोरच्या गावचा जुना बचावपटू मांडीवर थाप मारून म्हणाला. "अनवाणीच पाहिजे! काय हो, का पाय मऊ झाले गादीवर?"

"मऊ कुणाचे? माझे?" अध्यक्ष म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांच्या तोंडावर काहीतरी सरकलं. "म्हणजे, खडे फार आहेत मैदानात..."

"एक खडा ठेवणार नाही मी," चुनेवाली म्हणाली. "हातानं वेचते."

आणि वेचले. पंधरा दिवस, रोज सकाळी, दुखऱ्या पायावर उकिडवं बसून तिनं गोलासमोरची जागा वेचली. एकेक खडा पाटीत टाकताना ती चाळीस वर्षांतलं एकेक बोलणं आठवायची. शाळेतल्या पाटीचं हे. नवऱ्याच्या काकांचं ते. जागेवर राहतील ना, हे चौदा वेळा. खडे संपले तेव्हा बोलणी अजून शिल्लक होती.

ढालीच्या सामन्याला आठही गावं लोटली. बांधावर माणसं, झाडांवर माणसं, ट्रॅक्टरवर माणसं. नवऱ्यानं बापाला खुर्चीसकट आणून दोन खांबांच्या मधे ठेवलं. बाप धुतलेला सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसला. चाळीस वर्षांनी गोलात आला होता. त्यानं मान वळवून दोन्ही खांब बघून घेतले, जागेवर आहेत ना असे.

अध्यक्ष आले. बूट काढले. पायात पांढरे मोजे.

"मोजे चालतील ना?" ते हसून लोकांना म्हणाले. "सांधे धरतात."

चुनेवाली गोलाच्या रेषेजवळ डबा घेऊन उभी होती. मास्तरांच्या हातात माईक होता, आणि मास्तर तिच्या अगदी शेजारी होते, कारण तिनं त्यांना तिथेच उभं केलं होतं.

"मोजे काढा अध्यक्षसाहेब," ती म्हणाली. "चुना आज गरम नाही."

माईकमधून ते बांधापर्यंत गेलं. लोकांना काही कळलं नाही. अध्यक्षांना कळलं.

"त्या दिवशी गरम होता, हे तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या मामांनी. वहीत." ती मास्तरांकडे वळली. "वाचा."

मास्तरांनी अध्यक्षांकडे बघितलं, मग खुर्चीतल्या बापाकडे. माणूस आयुष्यभर कुणाला नाही म्हणाला नव्हता, आणि आता दोन माणसं समोर होती. त्यांनी पिशवीतून वही काढली. उच्चार स्वच्छ. रेषा गरम. दोन्ही गोलकीपरांना ताकीद. बाकीच्यांना सांगितले नाही. सामन्यानंतर मलमपट्टी, एक इसम, उजवे पाऊल.

ट्रॅक्टरवरची माणसं पुढे वाकली.

"कुणाचंही असेल ते पाऊल," अध्यक्ष म्हणाले. "काय तमाशा लावलाय? मारू का गोल?"

तेव्हा बाप खुर्चीतून बोलला. सावकाश वाकला, एक चप्पल काढली, मग दुसरी, आणि दोन्ही तळवे लोकांकडे करून पाय पुढे धरले. "मी काढल्या बघ. तू पण काढ."

"काढा की!" जुना बचावपटू ओरडला. तो गंमत समजूनच ओरडला होता, पण पुढच्या क्षणी चारी बाजूंनी तेच सुरू झालं. काढा. काढा. काढा.

अध्यक्षांनी डावा मोजा काढला. तिथे काही नव्हतं. उजव्याला हात घातला आणि तसेच वाकून राहिले. शेवटी मोजा त्यांनी काढला की लोकांच्या आवाजानं उतरला, कुणास ठाऊक. अंगठ्याच्या मुळापासून टाचेपर्यंत, आतल्या कडेनं, चकचकीत पांढरा डाग, मधे आवळलेला.

चुनेवालीनं आपल्या पायाचं फडकं सोडलं. चालत पुढे गेली आणि आपलं उजवं पाऊल त्यांच्या पावलाशेजारी ठेवलं. तिचा डाग लाल, त्यांचा पांढरा. आकार एकच, जणू एकाच साच्यातून काढलेला.

"पुसताना असाच लागतो," ती म्हणाली. "मी करून बघितलंय."

कुणी हसलं नाही. "बावीस वर्षांचा होतो मी," अध्यक्ष म्हणाले. माईक दूर होता, ते तिला आणि बापालाच ऐकू गेलं.

"मी पाच वर्षांची होते," ती म्हणाली. आणि मग मागे जाऊन मास्तरांच्या हातातला माईक तिनं पहिल्यांदा स्वतः ओढून घेतला. "चाळीस वर्षांपूर्वी या आठ गावांनी ठरवलंय, ज्यानं पुसली त्यानं आखावी. मी नवीन काही मागत नाही. ठरलंय तेवढं करा."

बांधावरून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे." मग आणखी कुणी. जुना बचावपटू पुढे आला, गोलाच्या रेषेवर वाकला आणि त्यानं हातानं हातभर रेष पुसून टाकली. त्याच जागी.

तिनं चुन्याचा डबा अध्यक्षांच्या हातात दिला. भरलेला होता, जड होता. ते अनवाणी वाकले. कमरेतून कण्हले. चुना आधी धो धो पडला, मग थेंब थेंब, रेष सापासारखी निघाली आणि त्यांच्या बोटांवरून मनगटात ओघळली. आठ गावं बघत होती. एवढं सुख तिनं पिंपाजवळच्या विचारांतही कधी धरलं नव्हतं. तिनं ते उभ्या उभ्या, सावकाश, पूर्ण घेतलं.

"वाकडी आली," ती म्हणाली. "पुसा. परत आखा."

त्यांनी पुसली. परत आखली.

"परत."

तिसऱ्या वेळी रेष आणखीच वाकडी निघाली. बाप खुर्चीत चुळबुळला. "अगं," तो हळूच म्हणाला, "दोरी तरी धर त्याला. दोरीशिवाय मलाही यायची नाही सरळ."

तिनं बापाकडे बघितलं. इतकी वर्षं याची दोरी कुणी धरली होती? पण त्याच्या तोंडावर तो जुना कामकरी वैताग होता, काम वाईट होताना बघवत नाही असा. तिनं दोरीचं एक टोक खांबाला अडकवलं, दुसरं हातात घेतलं आणि खाली बसली.

"चला," ती म्हणाली. दोरी तिनं इतकी ताणली की अठराच्या अठरा गाठी कुरकुरल्या. "आणि पुढच्या हंगामात चार दिवस आधी या. चुना विझवायला शिकवते."